आजीची भातुकली आणि चावीच्या मोटारी घरात मांडायच्या असतील तर आधी काय करायचं, काय अजिबात नाही

ताई, आधी एक विनंती, भातुकली घासायला घेतली असेल तर तिथेच थांबा. चिंच, मीठ, लिंबू, भांड्यांची पावडर सगळं बाजूला ठेवा आणि मग पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की मिरजेचं जुनं घर विकलं तेव्हा आजेसासूबाईंची ट्रंक तुमच्याकडे डोंबिवलीला आली, त्यात पितळी-तांब्याची भातुकली, सावंतवाडीची लाकडी फळं, दोन पत्र्याच्या चावीच्या मोटारी, काही छोट्या पण जड गाड्या आणि एक पातळ गुलाबी बाहुली आहे, हॉलचं फर्निचर चालू आहे म्हणून सुतार एक काचेचं कपाट करून देतोय, आणि तुम्हाला विचारायचंय की हे चकाचक कसं करायचं, कसं मांडायचं, किंमत काय, अमेरिकेतल्या लेकीला यातलं काही देता येईल का आणि नातीला खेळायला दिलं तर चालेल का. मी बरीच वर्षं जुनी खेळणी जमवतोय, दुसऱ्यांच्या घरची मांडूनही देतो, म्हणून जरा लांबण लावतो.

चकाचक करायचंच नाही, हे माझं पहिलं म्हणणं आणि शेवटचंही तेच. तुमच्या फोटोतला तो बोटाएवढा, पाणी तापवायचा बंब बघा. मधल्या नळीत आत काजळी आहे, म्हणजे कुणीतरी खरोखर काडी पेटवून त्यात जाळ केला होता. एका बाजूची कडी झिजून पातळ झालीय आणि दुसरी तशी नाही, म्हणजे तो उचलणारी मुलगी एकाच हाताने उचलायची. खालच्या काठावर पोचे आहेत, दगडी फरशीवर आपटल्याचे. हे सगळं मिळून तो बंब जुना आहे. चिंचेने घासलात की तो पाच मिनिटांत चमकेल आणि गेल्या वर्षी तुळशीबागेतून आणलेल्या बंबासारखा दिसेल, काजळी गेली की ती परत आणायचा कुठलाही उपाय नाही. शिवाय नुसतं दिसण्याचं नाहीये, चिंच-लिंबाचं आम्ल आणि मीठ कडीच्या खाचेत आणि जोडाच्या फटीत अडकून राहतं, नीट धुतलं असं वाटलं तरी राहतं, आणि दोन पावसाळ्यांत तिथून हिरवं फुलायला लागतं. आतल्या कल्हईचा तर प्रश्नच नाही, एवढ्याशा भांड्याला कल्हईचा थर असून असून किती असणार, दोनदा पावडरीने घासलं की संपला. मोठ्या भांड्यांचं पॉलिश असतं ना बाटलीतलं, त्यातल्या बऱ्याच पॉलिशमध्ये अमोनिया असतो आणि ताण पडलेल्या पितळेला अमोनियाने बारीक तडे जातात, म्हणून तेही नको.

मग करायचं काय, तर मऊ ब्रशने (मी रंगकामाचा चपटा मऊ ब्रश वापरतो) कोरडी धूळ झाडायची. चिकट मळ असेल तर कोमट पाण्यात बिनवासाच्या लिक्विड सोपचे दोन थेंब, कापसाच्या बोळ्याने पुसायचं, साध्या पाण्याच्या बोळ्याने दोनदा पुसायचं, आणि लगेच हेअर ड्रायरच्या मंद हवेवर पूर्ण कोरडं करायचं, जोड आणि कड्या विशेष. काळपट-तपकिरी रंग राहू द्या, तो धातूचं रक्षणच करतो. हिरवी भुकटी मात्र वेगळी गोष्ट, ती दिसली तर ते भांडं बाजूला काढा, बांबूच्या टोकदार काडीने भुकटी अलगद खरवडा आणि अगदी कोरड्या डब्यात ठेवून लक्ष ठेवा. परत परत येत असेल तर घरगुती प्रयोग थांबवायचे आणि जाणकाराला दाखवायचं, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारून बघा. सगळं कोरडं झाल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा (धातूवर लावायचं संरक्षक मेण) अगदी पातळ हात फिरवला तर वर्ष-दोन वर्ष बघायला नको. खोबरेल किंवा गोडेतेल लावू नका, ते चिकटतं आणि धूळ ओढतं.

आता ट्रंक रिकामी करताना. कृपा करून सगळं एकदम टेबलावर ओतू नका. जशी आहे तशी उघड्या ट्रंकेचे फोटो काढा, मग एकेक वस्तू काढा, आणि प्रत्येक वस्तूला एक नंबर द्या. नंबर वस्तूवर लिहायचा नाही, स्टिकर नाही, सेलोटेप तर नाहीच, जाड कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून पांढऱ्या सुती दोऱ्याने बांधायचा. एका वहीत त्या नंबरापुढे मोजमाप, कशाचं आहे, काय तुटलंय, आणि मुख्य म्हणजे कुणाचं होतं. घरात जे कुणी ऐंशीच्या पुढचे असतील त्यांना या आठवड्यातच फोन लावा, व्हिडिओ कॉलवर एकेक भांडं दाखवा आणि बोलू द्या, रेकॉर्ड करा. "ही बोगणी माझ्या रुखवतात होती", "ही मोटार मामाने मुंबईहून आणली" असली चार वाक्यं मिळाली की ती खेळणी तुमच्या घरची होतात, नाहीतर ती नुसती पितळ आणि पत्रा. बाजारात अशी वाक्यं कितीही पैसे टाकून मिळत नाहीत, आणि सांगणारी माणसं एकेक करून कमी होतायत. ट्रंकेतली वर्तमानपत्रंही फेकू नका, त्यांच्या तारखेवरून ट्रंक शेवटची कधी भरली ते कळतं. फक्त त्यात परत गुंडाळू नका, जुना वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी असतो.

भातुकली जुनी की नवी हे ओळखायला वजनापेक्षा जोड बघा. जुन्या हाताच्या कामात पत्रा ठोकून आकार दिलेला असतो, त्यामुळे आतून हातोडीचे बारीक चपटे ठसे दिसतात, पुण्याच्या तांबट आळीत मोठ्या भांड्यांवर जे मठारकाम करतात त्याचीच लहान आवृत्ती. कळशी, घागर, तांब्या यांना बहुतेक वेळा मधे किंवा गळ्याशी जोड असतो, तिथे डाक दिल्याची (वितळलेल्या धातूने सांधल्याची) वेगळ्या रंगाची रेघ असते. यंत्रावर फिरवून काढलेल्या भांड्याला आतून गोल गोल एकसारख्या रेघा असतात. सरसकट नियम नाही, लेथवर काढलेली भातुकलीही आता साठ-सत्तर वर्षांची असू शकते. पण कुणी तुम्हाला "शंभर वर्षं जुनी" म्हणून विकायला आला आणि काळपटपणा सगळीकडे एकसारखा असला, खाचेत आणि उंचवट्यावर सारखाच, तर तो केमिकलने आणलेला आहे. खऱ्या वापरात कडी, काठ, तळ हे आधी उजळतात आणि खाचा काळ्या राहतात.

आणि संच पूर्ण करायच्या मागे लागू नका. पाटा आहे वरवंटा नाही, जातं आहे खुंटा नाही, तीन ताटं आणि एकच वाटी, असंच मिळतं, कारण भातुकली बहिणी-बहिणींत, मग लेकीबाळींत वाटली जायची. तुमच्या फोटोत एका पातेल्याचं पितळ बाकीच्यांपेक्षा पिवळं दिसतंय, ते बहुधा नंतर येऊन मिळालेलं. असू दे तिथेच, फक्त वहीत तसं लिहा.

सावंतवाडीच्या फळांबद्दल एक सूचना जी कुणी देत नाही: हाताला सॅनिटायझर लावून त्यांना शिवू नका. तिथल्या चितार आळीतलं जुनं काम पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडावरचं, वर रंग आणि त्यावर लाखेचा किंवा तसलाच हात. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, ओल्या सॅनिटायझरच्या बोटाने सीताफळ उचललं की बोटाचा ठसा कायमचा. कर्नाटकातल्या चन्नपटणच्या लाखकामालाही हेच लागू, तिथे तर लेथवर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी घासून रंग चढवतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते, त्यामुळे ऊन किंवा तापलेल्या बल्बजवळ ती मऊ पडते आणि धूळ धरते. फळं फक्त कोरड्या मऊ कापडाने, ओलं काही नाही.

फळाला टाचणीएवढी गोल भोकं दिसतात का बघा, आणि ठेवल्या जागी पिठासारखी भुकटी पडते का. जुनी रिकामी भोकं असतील तर घाबरू नका. पण ताजी भुकटी म्हणजे आत किडा जिवंत आहे. असं फळ पांढऱ्या कागदावर ठेवून पारदर्शक पिशवीत सील करा आणि महिनाभर बघा. भुकटी पडतच राहिली तर जाणकाराकडे न्या, तोवर ते बाकीच्या लाकडापासून लांब. पेस्ट कंट्रोलचा स्प्रे त्यावर मारू नका, त्यातलं सॉल्व्हंट रंग उचलतं. कापडी बाहुल्यांना कीड असेल तर पिशवीत हवाबंद करून घरच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता एक दिवस, ही युक्ती चालते, पण ती कापडालाच, रंगवलेल्या लाकडाला हे करू नका, तडे जातात.

आता मोटारी, माझा जीव की प्राण. मोठी निळी आहे तिच्या तळाचा फोटो नाहीये, तो काढा, कारण तिथे वर्ष लपलेलं असतं. जर्मनीचा माल असेल तर डी.आर.जी.एम. ही अक्षरं सापडतात, म्हणजे तिकडे नोंदवलेलं डिझाइन. "यू.एस. झोन जर्मनी" असेल तर महायुद्धानंतरची चार-पाच वर्षं, "वेस्टर्न जर्मनी" किंवा "वेस्ट जर्मनी" असेल तर 1949 नंतरचं. जपानच्या मालावर "ऑक्युपाइड जपान" असेल तर 1952 च्या आधीचं, नुसतं "जपान" असेल तर आकारावरून आणि मालावरून ठरवावं लागतं. आपल्याकडच्या खेळण्यांना तर मी खोक्यावरून पकडतो. किंमत आण्यात असेल तर 1957 च्या आधीची, "नये पैसे" असेल तर 1957 ते 1964 मधली, पत्त्यात "बॉम्बे 4" असा एक-दोन आकडी विभाग असेल तर बहुधा 1972 च्या आधीची आणि सहा आकडी पिनकोड असेल तर नक्की नंतरची, कारण पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. म्हणून फाटका, उंदराने कुरतडलेला खोकाही टाकायचा नाही, कित्येकदा मोटारीपेक्षा खोकाच जास्त बोलतो.

छोटी मोटार आहे तिच्यावर काहीच नाव नाही म्हणालात, तर टॉर्च घेऊन खिडकीतून आतल्या बाजूला बघा. आपल्याकडचे छोटे कारखानदार पुष्कळदा डब्यांचा छापील पत्रा उलटा करून वापरायचे, आत तेलाच्या किंवा बिस्किटांच्या डब्याची अक्षरं सापडतात. जत्रेत मिळायची ती वातीवर टर्र टर्र पळणारी पत्र्याची बोट आठवते ना, तिच्या पोटातही हे दिसतं. त्या बोटीच्या युक्तीचं पेटंट 1891 मध्ये लंडनमध्ये घेतलं गेलं होतं आणि आपल्या जत्रांत ती अजून विकली जाते, एवढं आयुष्य फार थोड्या खेळण्यांना मिळालं. आतल्या छापावरून काळ काढता येतो, म्हणून असलं नाव नसलेलं देशी खेळणं मी जर्मन खेळण्याइतकंच जपतो, आणि खरं सांगायचं तर जास्तच, कारण जर्मन खेळण्यांच्या कंपन्यांचे कॅटलॉग आहेत, आपल्या या गल्लीतल्या कारखान्यांची नोंद फारशी कुणी ठेवलेली नाही.

चावी पूर्ण पिळू नका. शंभरदा सांगतो लोकांना तरी पाहुणे आले की पहिलं तेच करतात. स्प्रिंग जुनी, पोलाद थकलेलं, घट्ट पिळली की तुटते आणि तुटताना आतले पत्र्याचे कान वाकवते, मग ते उघडायला कान परत वाकवावे लागतात आणि जुना पत्रा दुसऱ्या-तिसऱ्या वाकण्यात तुटतो. दोन-तीन अर्धे वळसे, चालते का बघायचं, आणि पूर्ण सुटू द्यायची. स्प्रिंग ताणलेली ठेवून कपाटात ठेवायची नाही. दातेरी चाकांच्या आसाला शिलाई मशीनच्या तेलाचा सुईच्या टोकाने एक थेंब, बास. गंज काढायचे स्प्रे छापील पत्र्यावर मारायचे नाहीत, आणि रंग उडालाय तिथे घरच्या एनॅमलने टचअप तर अजिबात नाही, रंगवलेल्या जुन्या मोटारीची किंमत आणि मजा दोन्ही जाते. सेलवर चालणारं काही निघालं तर सेलचं झाकण आज उघडा, जुना सेल आत फुटलेला असला तर रोज खातोय.

त्या छोट्या जड गाड्या डिंकीच्या असाव्यात किंवा त्यांच्या साच्यांतून निघालेल्या. डिंकी टॉइज हे नाव 1934 चं, लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीचं, कारखाना 1979 ला बंद झाला. मधे त्यांचे काही जुने साचे कलकत्त्याला आले आणि तिथून त्याच गाड्या "निकी टॉइज" या नावाने निघाल्या, काही गाड्यांच्या तळपट्टीवर डिंकी खोडून निकी केल्याचं भिंगाखाली दिसतं. पूर्वी परदेशी जमवणारे त्यांना दुय्यम समजायचे, आता मुद्दाम शोधतात. माझ्या मते भारतातल्या माणसाने आधी निकी, मॅक्सवेल असल्या कलकत्त्याच्या गाड्याच जमवाव्यात.

यात एकच रोग आहे आणि तो बरा होत नाही. महायुद्धाच्या आधीच्या गाड्यांच्या जस्ताच्या मिश्रधातूत कधी कधी शिसं वगैरे मिसळलेलं असायचं, त्यामुळे धातू आतून फुगतो, अंगावर जाळीसारखे तडे जातात आणि एक दिवस गाडी हातात तुकडे होते. एकीचा दुसरीला लागत नाही, म्हणून घाबरून वेगळी काढायची गरज नाही. दमट आणि गरम हवेत ते वाढतं एवढंच. तडे दिसले तर दाबू नका, धुऊ नका, खाली मऊ आधार देऊन ठेवा. रबरी टायरच्या गाड्या चाकांवर उभ्या ठेवल्या की टायर चपटे होतात, पोटाखाली छोटा ठोकळा द्या म्हणजे चाकं जेमतेम टेकतील. आणि टायर प्लास्टिकच्या शेल्फवर थेट नको, मऊ टायरमधलं तेलकट द्रव्य प्लास्टिकला खातं, तिथे खड्डा पडतो.

बाहुली. हे नीट वाचा. पातळ, हलकी, गुलाबी, वाजवली तर पिंगपाँगच्या चेंडूसारखा आवाज, हे सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक आहे. पाठीवर कासवाची खूण असेल तर ती जर्मनीच्या प्रसिद्ध कारखान्याची. सेल्युलॉइड आहे का ते बघायला "गरम सुई टोचा" असा सल्ला काही जण देतात, तो कधीही ऐकू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं. बोटाने जरा चोळून वास घ्या, कापरासारखा आला की झालं. ही बाहुली बंद काचेच्या कपाटात बाकीच्यांबरोबर ठेवायची नाही. सेल्युलॉइड जुनं झालं की त्यातून आम्लाची वाफ निघते, ती शेजारच्या पत्र्याला आणि पितळेला गंजवते आणि कोंडली गेली तर बाहुलीलाही लवकर मारते. हवा खेळती राहील अशा पुठ्ठ्याच्या खोक्यात, बिनरंगी टिश्यू पेपरमध्ये, सावलीत, देवघराच्या समईपासून आणि गॅसपासून लांब. पिवळी पडून घाम आल्यासारखी ओली लागली किंवा तडकायला लागली तर फोटो काढून ठेवा आणि घराबाहेर ठेवायचा विचार करा. जिवावर येतं पण घर महत्त्वाचं. डांबराच्या गोळ्या मात्र कुठल्याच प्लास्टिक-सेल्युलॉइडच्या खेळण्याशेजारी ठेवू नका.

आता कपाट, आणि सुताराला आजच फोन करा कारण नंतर बदलता येत नाही. ताजं एमडीएफ, प्लायवूड, त्यांचा गोंद आणि ताजा मेलामाइन पॉलिश यांतून महिनोन्महिने आम्लाची वाफ येत राहते, कपाट उघडलं की जो "नव्या फर्निचरचा" वास येतो ना तोच. बंद काचेत ती वाफ कोंडते आणि पितळ डागाळतं. शिशाचे सैनिक वगैरे असतील तर त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते. काच चिकटवायला सुतार जे सिलिकॉन वापरतो त्यालाही व्हिनेगरचा वास असतो, ते ॲसेटिक आम्लच, त्याला "न्यूट्रल क्युअर सिलिकॉन" आणायला सांगा, दुकानात मिळतं. माझी पसंती पावडर कोटिंगच्या लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीला आणि काचेच्या फळ्यांना. प्लायचं झालंच असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत दारं उघडी ठेवून तसंच रिकामं राहू द्या, दिवाळी हुकली तरी चालेल.

जागा: बाहेरच्या भिंतीला टेकून नको, पावसाळ्यात तिथे ओल येते. बाथरूमच्या भिंतीला नको, स्वयंपाकघराच्या तोंडाशी नको (फोडणीचा तेलकट थर पत्र्यावर बसला की निघत नाही), खिडकीसमोर नको. ऊन पडलं की छापील पत्र्यातला लाल आणि पिवळा आधी जातो आणि कापडी बाहुल्यांचे कपडे विरतात. कपाटात आत दिवे लावायची हौस सगळ्यांना असते, पण ते आतली हवा तापवतात, लावायचेच तर काचेच्या बाहेर वरून एलईडी आणि पाहुणे आले की तेवढ्यापुरते.

डोंबिवलीचा पावसाळा म्हणजे हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर आठवडेच्या आठवडे. काही शे रुपयांत छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) मिळतो, तो आत ठेवा. लाकडाला 45 ते 55 टक्के बरं आणि मुख्य म्हणजे सतत वरखाली नको, धातूला त्याहून कमी चालतं. म्हणून लाकूड आणि पत्रा एकाच बंद खणात ठेवू नका, पत्र्यासाठी सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) भरपूर घातलं की फळं सुकून तडकतात. मी पावसाळ्यापुरत्या पत्र्याच्या मोटारी रबर गॅस्केटच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवतो आणि कपाटात त्या वेळी भातुकली आणि लाकूड असतं. जेल रंग बदललं की ओव्हनमध्ये साधारण 120 अंशांवर दोनेक तास तापवून परत वापरता येतं, खायच्या भांड्यात नाही, त्याची वेगळी ट्रे ठेवा. फोम आणि रबर बँड कुठेच नको, दोन्ही काही वर्षांत चिकट होऊन वस्तूवर बसतात.

मांडण्याचं म्हणाल तर आपल्याकडे याची पद्धत होतीच. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पायऱ्यापायऱ्यांची आरास करायचे, त्यावर घरातल्या बाहुल्या, लाकडी फळं, भातुकली मांडायचे, आणि ते झालं की सगळं परत ट्रंकेत. तुमच्या आजेसासूबाईंची फळं इतकी रंगीत राहिली त्याचं कारण हेच आहे, ती वर्षातून थोडेच दिवस उजेडात आली. तेव्हा सगळं एकदम कायमचं काचेत भरायचा अट्टहास सोडा. एका वेळी एक तृतीयांश बाहेर, बाकी डब्यांत, आणि दर तीन-चार महिन्यांनी बदला. चैत्रात फळं आणि भातुकली, दिवाळीत किल्ल्यावरचे मातीचे मावळे असतील तर ते, उन्हाळ्याच्या सुट्टीत मोटारी. बदलताना प्रत्येक वस्तू हातात येते, त्यामुळे गंज, कीड, तडा लवकर लक्षात येतो. कपाटात कोंबलेली खेळणी कुणी बघतही नाही, चार भांडी मोकळी मांडली तर माणूस वाकून बघतो.

भातुकली उंचीप्रमाणे रांगेत लावू नका, दुकान दिसतं. मूल मांडायचं तशी मांडा: मधे चूल, तिच्यावर पातेलं, हाताशी फुंकणी आणि चिमटा, उजवीकडे पाटा, मागे पाण्याचं, हंडा-कळशी-घंगाळ, आणि पलीकडे दोन पानं वाढलेली. छोट्या वस्तूंना नजरेच्या पातळीवर ठेवा, आणि इथे नजर म्हणजे सोफ्यावर बसलेल्या माणसाची. आतल्या पायऱ्यांना बिनरंगी सुती कापड घाला, लाल मखमल नको, तिचा रंग दमट हवेत लागतो. ट्रेनजवळ राहत असाल तर वस्तू हळूहळू सरकतात, त्यासाठी चिकट पुट्टी थेट वस्तूला लावू नका, तेलाचा डाग पडतो, समोर काठाला पारदर्शक पट्टी बसवा. कपाट करायच्या आधी एकदा पुण्याला राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय बघून या. दिवे, अडकित्ते, रोजच्या वापरातल्या असंख्य गोष्टी एका माणसाने जन्मभर हिंडून जमवल्या आणि आपल्या लहानपणी गेलेल्या मुलाच्या नावाने ठेवल्या. घरगुती वस्तूंकडे कसं बघायचं ते तिथे उभं राहून कळतं.

यात भर घालायची इच्छा झालीच (होतेच) तर पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट या दोन जागा, पण त्याआधी नातेवाइकांचे माळे. बाजारात विकणाऱ्याला वय विचारू नका, "कुठल्या घरातून आलं" विचारा, उत्तर गुळमुळीत आलं की वय काहीही सांगितलं तरी उपयोग नाही. पत्र्याचे रोबो आणि मोटारी यांच्या नव्या नकला भरपूर आहेत, भिंगाखाली छपाई बघा, नवीन छपाईत बारीक ठिपके सुटे दिसतात आणि कडा धारदार, कोऱ्या असतात. शंभर वर्षांपूर्वीचं म्हणतायत आणि तळाला फिलिप्सचा अधिक-खुणेचा स्क्रू आहे, तर तो स्क्रू 1930 च्या दशकातला, म्हणजे एकतर दुरुस्ती नाहीतर थाप. दोन गोष्टी घ्यायच्याच नाहीत, हस्तिदंताचं काहीही, आणि "शेतात सापडलेला" मातीचा बैल किंवा गाडा. दोन्ही कायद्याने अडचणीचं, आणि जमिनीतून उपसलेल्या वस्तूची सगळी माहिती त्या मातीतच राहते.

किंमत मी सांगणार नाही, कारण फोटोवरून सांगणारा माणूस एकतर घ्यायला आलेला असतो नाहीतर अंदाज ठोकत असतो. साधारण असं की मूळ खोका, मूळ रंग, चालू स्प्रिंग आणि कुणाचं होतं याची नोंद, यांनी भाव ठरतो, भातुकलीला मात्र बाजार अजून वजनावरच बोलतो, आणि म्हणूनच ती मोडीत जाते. मोडीत घालू नका एवढंच.

लेकीला पाठवायचं असेल तर, 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर खासगी माणसाला नेता येत नाही. त्याहून कमी वयाची नेता येते, पण कस्टमवाल्याला ते दिसून कळत नाही, म्हणून शंका येईल अशा वस्तूसाठी पुरातत्त्व खात्याकडून "पुरावस्तू नाही" असं प्रमाणपत्र आधी घ्या, फोटो आणि वहीतली नोंद तिथे उपयोगी पडते. मी तुमच्या जागी असतो तर लेकीला सावंतवाडीची दोन फळं दिली असती आणि भातुकली एकत्र ठेवली असती. सेल्युलॉइडची बाहुली विमानाच्या सामानात चुकूनही नको.

नातीचं. रंगवलेली जुनी खेळणी, म्हणजे फळं आणि मोटारी, तिच्या हातात देऊ नका, जुन्या रंगांत शिसं सर्रास असायचं, आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 पासून आली. पत्र्याच्या कडा हात कापतात ते वेगळंच. तिला तुळशीबागेतून नवी स्टीलची भातुकली घेऊन द्या, आणि जुन्यातली तीन-चार पितळी भांडी, कल्हई नसलेली, कडा गुळगुळीत असलेली, तुम्ही शेजारी बसून खेळू द्या, खाणं नाही आणि नंतर हात धुणं. एवढं केलंत तर पुढच्या वेळी कपाट बदलताना मांडायला तीच पुढे येईल.

आणि निळ्या मोटारीच्या तळाचा फोटो तेवढा काढाच, फ्लॅश न लावता, खिडकीच्या तिरक्या उजेडात, म्हणजे उठावाची अक्षरं वाचता येतील.